आटवलेलं पाणी

हिरव्या पाण्याचा फोन आला की माझं डोकं फिरतं. "अल्ताफभाई, टँक हिरवा पडलाय!" असं बोलत्यात की जणू मीच जाऊन त्यात रंग कालवून आलोय. आरं, पडणारच की! मोटर किती तास चालवली, क्लोरीन किती टाकलं, आंघोळ न करता किती जण उतरले, ते एक बी सांगत न्हाई. राजारामपुरीत माझं पंप आणि फिल्टरचं दुकान हाय, आणि गेली अठरा वर्षं मी लोकांच्या घरचे स्विमिंग टँक सांभाळतोय. कोल्हापुरात घरात टँक बांधणारे किती, असं तुम्ही विचाराल. हायत की. हौसेला मोल न्हाई, आणि आमच्याकडं तर हौस पोत्यानं हाय.

त्यातलं एक घर कोडोलीच्या हंबीररावांचं. मळ्यात बंगला, बंगल्यामागं विहीर, विहिरीपासनं पार पाणंदीपर्यंत ऊस. पोरगा पृथ्वीराज पुण्याला शिकायला हुता, तिथं कुणा मित्राचा टँक बघून आला आणि हट्ट धरून बसला. हंबीरराव म्हणाले, "विहीर हाय की पवायला. माझा बा त्यातच शिकला, मी बी त्यातच शिकलो." पण एकुलतं एक पोरगं, ऐकतंय कशाला? फेब्रुवारीत टँक बांधून झाला. त्याच वेळी पृथ्वीराजच्या बायकोला, स्वप्नालीला, मुलगी झाली. मग काय, बारसं आणि टँकच्या पाण्याची पूजा एकाच दिवशी धरली. पोरीचं नाव ठेवलं संयोगिता.

त्या दिवशी मी दूध ओतू नका म्हणून घसा फोडून सांगितलं. कोण ऐकतंय? हंबीररावांची बायको, जिला पोटचा पोरगा सोडला तर सगळं गाव आक्का म्हणतं, तिनं पाच लिटर म्हशीचं दूध ओतलं, वर हळदकुंकू, वर नारळ. मी कपाळाला हात लावला. आक्का हसून म्हणाली, "पान्याला देव मानावं रं, आल्ताफ. तुज्या पावडरीनं देव पळून जातोय व्हय?" तिच्यापुढं मला रागवता येत न्हाई. मी कधीबी गेलो तरी भाकरी खाल्ल्याबिगर ती मला सोडत न्हाई, आणि दुसरी वाढताना विचारत बी न्हाई.

मार्चच्या मध्यात पहिला फोन आला. गेलो. टँकच्या भिंतींवर शेवाळ, बोट फिरवलं की बुळबुळीत. मी म्हणालो, बघा, दुधाचं पाप बाहेर आलं. पाण्यातलं क्लोरीन तपासलं तर शून्य. फिल्टरच्या प्रेशरचा काटा चढलेला, म्हणून पाणी उलटं फिरवून फिल्टरमधली वाळू धुतली, क्लोरीनचा दणकून डोस दिला, भिंती घासल्या. दोन दिवसांत पाणी असं नितळ झालं की तळाची फरशी मोजून घ्यावी. मी खूश.

आठ दिवसांत परत हिरवं.

ह्या खेपेला मी पृथ्वीराजवर उखडलो. "तुझे दोस्त तालमीतनं येऊन घामानं भिजलेले तसेच उड्या मारत असतील!" तो शपथा घ्यायला लागला. मी सगळं परत केलं, वरनं दोन तास लेक्चर दिलं. परत दहा दिवसांनी तेच. तिसऱ्या खेपेला फिल्टरच उघडला, सगळी वाळू काढून नवी भरली, पाठ मोडली माझी. हंबीरराव खुर्ची टाकून बसलेले. "आल्ताफ, तुला जमत नसंल तर सांग. पुण्याहून माणूस आणतो." असा जाळ झाला माझा! अठरा वर्षांत माझ्यावर कुणी पुण्याचा माणूस आणला नव्हता. मी म्हणालो, "आबा, दोष सापडला न्हाई तर मी हा धंदा सोडून फुटाणे विकीन."

बोललो खरं, पण दोष काय सापडंना. दुकानात बसून मी डोकं खाजवत हुतो तवा शेजारचा गैबी चहाला आला. गैबीचं शोभेच्या माशांचं दुकान. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या टाकीत शेवाळ थांबत न्हाई तवा मी नायट्रेट बघतो. खतात असतं ते. उसाला खत घातलं की ऊस वाढतो, पाण्यात खत आलं की शेवाळ वाढतं. तू क्लोरीन ओतत बसलायस, आणि कुणीतरी त्याला खायला घालतंय." त्यानं तपासायच्या पट्ट्यांची डबी दिली. पट्टी पाण्यात बुडवायची, पांढरी राहिली तर बरं, गुलाबी झाली तर जपा, लालभडक झाली तर संपलं. इतकं साधं, आणि माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोडोली गाठली. ही चौथी खेप. टँकच्या पाण्यात पट्टी बुडवली. लाल. मला आनंद झाला हो! खोटं कशाला सांगू, सापडला म्हणून मी मांडीवर थाप मारली. आता हे आलं कुठनं? टँक भरतो विहिरीवरनं. म्हणून विहिरीवर गेलो, बादली सोडली, पट्टी बुडवली. टँकपेक्षा लाल.

आणि मग मी मोटरच्या खोलीत शिरलो.

खिडकीत, कोळिष्टकात, एक पितळी व्हॉल्व्ह पडलेला. मी त्याच्यावरची जळमटं पुसली. तो मीच तिथं ठेवलता.

काय झालतं सांगतो. हंबीररावांच्या विहिरीवरनं एकच मोठी लाइन निघते. तिच्यावरच उसाचं ठिबक, आणि ठिबकाला जोडलेली खताची टाकी. पांढरं विरघळणारं खत त्यातनं पाण्याबरोबर रानात जातं. मोटर बंद झाली की लाइनमधलं पाणी उलटं फिरून विहिरीत यायला बघतं, येताना टाकीतलं खतबी ओढतं. ते येऊ नये म्हणून लाइनवर हा व्हॉल्व्ह असतो. पाणी जाऊ देतो, परत येऊ देत न्हाई. बारशाच्या आदल्या दिवशी मी टँक भरायला ह्याच लाइनला जोड दिला, तर पाणी करंगळीएवढं यायला लागलं. व्हॉल्व्ह जुना, अडकत हुता. दुसऱ्या दिवशी पूजा, दारात मांडव, हंबीरराव डोक्यावर उभे, "टँक रिकामा दिसला तर पावणं काय म्हणतील?" मी व्हॉल्व्ह काढला, त्या जागी साधा पाईप घातला. पाणी धो धो आलं. मनाशी म्हणालो, दोन दिवसांत नवा आणून बसवतो.

दोन महिने झालते त्याला. दर आठवड्याला उसाला खत सुटत हुतं, आणि दर आठवड्याला त्यातलं थोडं विहिरीत येत हुतं. मी मात्र दुधाला शिव्या देत हुतो, पोरांना शिव्या देत हुतो.

मी तो व्हॉल्व्ह उचलला आणि माझ्या हत्यारांच्या पिशवीत टाकला. कुणाला दिसू नये म्हणून टाकला. तवा माझ्या मनात एवढंच हुतं की गुपचूप नवा बसवायचा, विहीर उपसायला लावायची, टँक नव्यानं भरायचा आणि विषय मिटवायचा. माझी अब्रू राहिली पाहिजे. दुसरं काय बी डोक्यात नव्हतं, ह्याची आज लाज वाटते.

पिशवी खांद्याला लावून मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो, आबा कुठं हायत विचारायला. आक्का गॅससमोर उभी. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत हुतं, आणि शेजारी दूध पावडरचा डबा.

"बस, भाकरी थापतो," ती म्हणाली. आमच्याकडं बाया बी करतो, जातो असंच बोलत्यात. "एवढं पोरीचं पानी होऊ दे."

"पावडरचं दूध देताय, आक्का?"

"काय करू? स्वप्नालीला बाळंतपणात ताप भरला, तिचं दूधच आटलं. डॉक्टरीन बाईनं सांगितलं, पानी उकळून घ्या. मी नुस्तं उकळत न्हाई बग. दोन तांब्याचा एक तांब्या करतो. चांगलं आटवलं की सगळे जंतू मरत्यात. लेकराचं हाय, कशाला हयगय?"

"पाणी कुठलं?"

"हिरीचं की! दुसरं कुटलं? गावात पानी शुद्ध करायच्या मशिनी बसवल्यात लोकांनी, आमच्या ह्यास्नी ते पटत न्हाई. आमचं पानी अमृत हाय म्हनत्यात."

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?"

आक्काचं तोंड उतरलं. "हाय म्हनायची. दोन दिस झालं, गळून पडल्यागत करतीया. रडत बी न्हाई नीट. गावातल्या डॉक्टरनं कफ सांगितलाय. रंग बी जरा काळवंडलाय."

पाळणा तिथंच मधल्या खोलीत हुता. मी वाकून बघितलं. माझी दोन पोरं ह्या वयात मी बघितल्यात. त्यांचे ओठ असे नव्हते. संयोगिताचे ओठ जांभळट, नखं बी तशीच, आणि कातडीवर राखेसारखी कळा. डोळे उघडे, पण कुठंच बघत नव्हती.

मी मागं फिरलो. पातेल्यातलं पाणी वाटीत काढून गार केलं आणि पट्टी बुडवली. विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी गडद लाल झाली. डबीत एक बारीक अक्षरातला कागद हुता, मी तो कधी उघडलाच नव्हता. आता उघडला. इंग्रजीत हुतं, अडखळत वाचलं. एवढं नायट्रेट असलेलं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊ नये, रक्तातनं प्राणवायू जाईना होतो, बाळ निळं पडतं. आणि खाली, पाणी उकळून उपयोग न्हाई, उकळल्यानं ते वाढतं.

"पृथ्वीराज!" मी असा ओरडलो की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. "गाडी काढ! पोरीला कोल्हापूरला न्यायचं, आत्ताच्या आत्ता!"

गाडीत पुढं पृथ्वीराज, मागं स्वप्नालीच्या मांडीवर पोरगी, शेजारी आक्का, आणि मी पायाशी पिशवी धरून. हंबीरराव दुसऱ्या गाडीनं. हायवेवरचा वाठारचा फाटा येईस्तोवर पृथ्वीराजनं हॉर्नवरचा हात काढला न्हाई. स्वप्नाली नुस्ती पोरीच्या नाकापाशी बोट धरून बसलेली. मी आयुष्यात एवढी दुवा कधी मागितली न्हाई. या अल्ला, माझ्याकडनं काय पाहिजे ते घे.

दवाखान्यात मी पट्ट्या डॉक्टरांच्या टेबलावर टाकल्या आणि कागद दाखवला. त्यांनी पोरीचं रक्त काढलं. सुईत काकवी आल्यागत तपकिरी रक्त. डॉक्टर धावलेच. एक निळ्या रंगाचं इंजेक्शन शिरेतनं हळूहळू दिलं. आम्ही काचेच्या बाहेर उभे. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मग एकदम पोरगी रडली. असलं खणखणीत रडली की स्वप्नाली खालीच बसली. ओठ गुलाबी व्हायला लागलते. "अजून चार तास उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, पाणी कसं देत होता? आक्का पुढं झाली. तिला वाटलं, आता तरी कुणीतरी शाबास म्हणेल. "आटवून देत हुतो, सायेब. दोन तांब्याचा एक तांब्या."

डॉक्टर सौम्यपणेच बोलले. "आजी, पाण्याची वाफ होते, खताची होत नाही. ते भांड्यातच राहतं. जितकं आटवाल तितकं कडक होतं."

आक्काला कळायला क्षणभर लागला. हंबीररावांना तेवढा बी लागला न्हाई. भर दवाखान्यात त्यांचा आवाज चढला. "सांगत हुतो, लई शानपना करू नगंस! पोरीला मारत हुतीस की गं तू!" पृथ्वीराज बी म्हणाला, "आई, सांगितलं तेवढंच करायचं ना! आटवायला कुणी सांगितलं होतं?" आक्कानं काचेकडं जायला पाऊल उचललं तशी स्वप्नाली आडवी उभी राहिली.

"पण विहिरीत खत आलं कुठनं?" हंबीररावांनी मला विचारलं.

पिशवी माझ्या खांद्याला हुती. व्हॉल्व्ह त्यातच हुता, बरगडीला टोचत हुता.

"रानातनं पाझरलं असंल, आबा," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात दोन्ही हातात धरला. ते म्हणाले, "तू नसतास तर आमची पोरगी गेली असती. तुझं उपकार फेडायचं कसं?" पृथ्वीराज माझ्या पाया पडायला वाकला. आणि आक्का भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली, पदराचा बोळा तोंडात धरून. मी तिच्याकडं बघितलं न्हाई.

तीन दिवस मी ती हत्यारांची पिशवी उघडली न्हाई. दुकानात गैबी येईल त्याला सांगत सुटला, अल्ताफनं लेकरू वाचवलं. लोक हात मिळवायला येत हुते. कोडोलीवरनं पृथ्वीराजचा फोन आला, पोरगी घरी आली, झकास हाय. "आई मात्र जेवत न्हाई ओ. बाळाला हात लावत न्हाई. स्वप्नाली बी देत न्हाई तिच्याजवळ." मी बरं म्हणून फोन ठेवला. माझी बायको रशिदा बघत हुती. तिनं विचारलं, आणि मी पिशवीतनं व्हॉल्व्ह काढून तिच्यापुढं ठेवला. सगळं ओकलो.

रशिदानं व्हॉल्व्ह उचलून हातात फिरवून बघितला. मग म्हणाली, "त्या बाईच्या हातची भाकरी खाल्लीस न्हवं तू? मग अजून हितं काय करायलास?"

कोडोलीला गेलो. सगळी पुढच्या सोप्यातच बसली हुती. टेबलावर विकतच्या पाण्याचे कॅन मांडलेले. हंबीरराव उठून "या, या" करत पुढं आले. मी व्हॉल्व्ह त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. काढला कधी, का काढला, बसवायचा राहिला कसा, आणि दवाखान्यात मी खोटं बोललो ते बी. "खत मी सोडलं विहिरीत, आबा. आक्कांचा काय दोष न्हाई."

पृथ्वीराजनं माझी कॉलर धरली. शर्टाची दोन बटणं तुटली. "आणि पाया पडून घेतलंस रं आमच्याकडनं!" हंबीररावांनी दाराकडं बोट केलं. "चालता हो. परत ह्या उंबऱ्यावर पाय ठेवलास तर तंगडी मोडीन."

"सोड त्येला," कोपऱ्यातनं आक्का म्हणाली.

चार दिवसांत बाई निम्मी झालती. मी तिच्यापुढं जाऊन बसलो. "आक्का, तुम्ही जे केलं ते मायेनं केलं. चूक माझी. ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय की." ती माझ्याकडं बघत नव्हती. "तुजी चूक तुज्याजवळ. पन त्या लेकराच्या तोंडात बाटली तू न्हाई धरली. मी धरली. दिसातनं सात बारी. ती तोंड फिरवायची, मी परत धरायचो."

"तुम्हाला काय म्हाईत हुतं त्यात काय हाय ते?"

"तेच म्हनतोय." आता ती बोलायला लागली, आणि कुणी तिला अडवलं न्हाई. "तुमचा टँक हिरवा पडला तवा सगळं घर पळालं. तू कोल्हापूरवरनं चार खेपा मारल्यास. वाळू बदललीस, भिंती घासल्यास. हिरीचं पानी हिरवं पडलं असतं तर मला बी दिसलं असतं की रं! म्या काय आंधळी हाय? पन ते निवळशंख हुतं. दुपट्यानं गाळून घ्यायचो, त्यात कचरा न्हाई, काडी न्हाई. आनि पोरगी माज्यापुढं काळी पडत चालली हुती, तर मी आनि जास्त आटवायला लागलो."

स्वप्नाली हे ऐकत दारात उभी हुती, पोरगी कडेवर, हातात बाटली. पोरगी भुकेनं किंचाळायला लागलती. स्वप्नालीचे डोळे भरले. ती सासूपुढं येऊन बसली, पोरीला तिच्या मांडीवर ठेवायला गेली आणि बाटली पुढं केली. "आक्का, धरा. कॅनचं पाणी हाय. तुम्हीच पाजा."

आक्कानं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. "न्हाई बाई. तूच पाज."

"अहो, मी सांगतोय की—"

"पाज म्हनलं न्हवं!"

स्वप्नालीनं पाजलं. आक्का भिंतीकडं तोंड करून बसली. आम्ही सगळे पोरीच्या घोटांचा आवाज ऐकत हुतो. हंबीररावांनी मला हाकलायचं सोडून दिलतं, ते खुर्चीत बसून जमिनीकडं बघत हुते. बाटली संपली, पोरीनं ढेकर दिला.

"ओठ बग गं तिचं," आक्का भिंतीकडं बघतच म्हणाली.

"लाल हायत, आक्का. चांगले लाल हायत."

"परत बग."